फोर-एच क्लब आणि त्यांचे स्वयंसेवक: इंडियानाच्या ग्रामीण काउंटीत राहणाऱ्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने पुण्याहून किंवा नाशिकहून निघून मका-सोयाबीनच्या शेतांमधल्या एखाद्या गावात राहायला आलेली मराठी कुटुंबे इंडियाना राज्यात बरीच आहेत. कमिन्स कंपनीचे मुख्यालय असलेल्या कोलंबसच्या परिसरात तर ती विशेष आहेत. शाळेतून मुलाने हिरव्या चौपानी चिन्हाचे पत्रक घरी आणले की अशा घरांतून आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे इंडियानातील पद्धतीला धरून आहेत. इतर राज्यांत वयाच्या अटी आणि तारखा वेगळ्या असतात, आणि तपशिलाच्या बाबतीत आपल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) एक्स्टेंशन कार्यालयाचा (प्रश्न २ पाहावा) शब्द अखेरचा मानावा.

१. फोर-एच म्हणजे नेमके काय, आणि हे चार ‘एच’ कोणते?

फोर-एच हा मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवणारा, प्रौढ स्वयंसेवकांच्या मदतीने चालणारा आणि गावोगावच्या क्लबांतून राबवला जाणारा अमेरिकेतील युवा विकासाचा कार्यक्रम आहे. हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ, म्हणजे डोके, हृदय, हात आणि आरोग्य, हे ते चार ‘एच’ होत. चौथा ‘एच’ सुरुवातीला ‘हसल’ असा होता, म्हणजे धडाडीचा. पुढे त्याची जागा आरोग्याने घेतली. आम्हाला हा बदल बरा वाटतो, कारण धडाडी मराठी पालकांच्या अंगी मुळातच पुरेशी असते.

या चळवळीची सुरुवात १९०२ साली ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी काढलेल्या मुलांच्या क्लबापासून मानली जाते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०४ मध्ये, इंडियानातील हॅमिल्टन काउंटीत जे. एफ. हेन्स यांनी शाळकरी मुलांसाठी मका पिकवण्याची स्पर्धा सुरू केली. त्यामागचा हिशेब सरळ होता. विद्यापीठाने सुधारित बियाणे आणि नवी पद्धत सांगितली तरी प्रौढ शेतकरी ती सहजासहजी स्वीकारत नसत. मुलाच्या वाफ्यात मात्र बापाच्या शेतापेक्षा चांगले कणीस आले की बाप आपणहून विचारायला येई.

२. हा कार्यक्रम सरकारी आहे की खासगी? पर्ड्यू विद्यापीठाचा त्याच्याशी काय संबंध?

कार्यक्रम सार्वजनिक आहे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने केंद्राचे कृषी खाते, राज्याचे विद्यापीठ आणि स्थानिक काउंटी या तिघांच्या भागीदारीतून ‘एक्स्टेंशन’ म्हणजे विस्तार सेवा उभी केली आणि फोर-एच तिचाच एक भाग झाला. इंडियानात ही जबाबदारी पर्ड्यू विद्यापीठाकडे असून राज्याच्या सर्व ९२ काउंट्यांत त्याचे कार्यालय आहे. तेथील पगारी अधिकाऱ्याला ‘एज्युकेटर’ म्हणतात. क्लब चालवणारे लोक मात्र जवळजवळ सगळे विनावेतन काम करणारे शेजारीपाजारीच असतात.

राहुरी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची विस्तार शाखा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. भारतातील कृषी विद्यापीठे १९६० पासून याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली आहेत. फरक एवढाच की येथे विस्तार सेवेत मुलांचा विभाग पहिल्यापासून आहे.

३. आमच्याकडे शेत नाही आणि गोठाही नाही. तरी मुलाला प्रवेश मिळेल का?

मिळेल. छायाचित्रण, शिवणकाम, स्वयंपाक, लाकूडकाम, वीजजोडणी, संगणक, अवकाशविज्ञान, कीटकसंग्रह, मधमाशीपालन, वंशावळ अशा कितीतरी विषयांवर येथे प्रकल्प करता येतात आणि त्यांपैकी बहुतेकांना घरातले टेबल किंवा मागच्या अंगणातला एक वाफा पुरतो. ज्याला प्राणीच पाळायचा आहे पण जागा नाही, त्याने ससा, कोंबडी, मांजर किंवा कुत्रा यांचा विचार करावा. मात्र गावाच्या हद्दीत कोंबड्या पाळण्यास परवानगी आहे का, हे नगरपालिकेकडे आणि भाड्याचे घर असेल तर घरमालकाकडेही आधी विचारावे. घराच्या भाडेकरारातील ‘प्राणी नकोत’ हे कलम फोर-एचच्या कोंबडीलाही लागू होते.

४. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करता येते, आणि नोंदणी कधी करावी?

इंडियानात तिसरी ते बारावीच्या मुलांना नियमित सदस्यत्व मिळते, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षे. बालवाडी ते दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी ‘मिनी फोर-एच’ हा स्पर्धा नसलेला, खेळीमेळीचा भाग आहे. घरी शिकणाऱ्या मुलांनाही प्रवेश आहे आणि त्यांची इयत्ता वयावरून ठरवतात.

वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, ऑनलाइन नोंदणीची अंतिम तारीख अलीकडच्या वर्षांत १५ जानेवारी राहिली आहे, आणि बहुतेक प्राण्यांची ओळख-नोंद १५ मेपर्यंत करावी लागते. या तारखांना सवलत मिळत नाही. जून महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, ‘आता मुलाला कुठे घालावे’ म्हणून चौकशी करणाऱ्या पालकांना आम्हाला दरवर्षी पुढच्या ऑक्टोबरचे निमंत्रण द्यावे लागते.

५. मुलाला बैठकीला सोडून दोन तासांनी घ्यायला आले तर चालेल का?

नियमाने चालते. आम्हाला मात्र ते पटत नाही, आणि या पानावर काही आग्रहाने सांगायचे असेल तर ते हेच आहे.

पुण्यात मूल तबल्याच्या, बुद्धिबळाच्या, ॲबॅकसच्या क्लासला जाते. पालक फी भरतात, दाराशी सोडतात, दाराशी घेतात. त्या सवयीने फोर-एचकडेही ‘क्लास’ म्हणून पाहिले जाते. परंतु येथे कोणी शिकवणी घेत नाही. सुतारकाम शिकवणारा मनुष्य दिवसभर कारखान्यात उभा राहून संध्याकाळी आपल्या गॅरेजमध्ये तुमच्या मुलाच्या हातात रंधा देतो, आणि तो हे करतो याचे कारण लहानपणी त्याच्या हातात कोणीतरी रंधा दिला होता. जी वार्षिक फी आपण भरतो ती कार्यक्रमासाठी असते, त्याला त्यातला एक सेंटही मिळत नाही. अशा ठिकाणी पालकांनी निदान बसावे, खुर्च्या लावाव्यात, पाळीने खाऊ आणावा आणि फेअरच्या, म्हणजे काउंटीच्या वार्षिक जत्रेच्या, आठवड्यात एखादी वेळ कामाला उभे राहावे अशी अपेक्षा असते. ती कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. म्हणूनच नव्याने आलेल्या घरांना ती उशिरा कळते, आणि तोवर ‘ही मंडळी फक्त मुलाला सोडून जातात’ असा समज पसरलेला असतो. नोंदणी करून स्वयंसेवक होणे ही याच्या पुढची पायरी आहे. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

६. बैठकीत काय घडते?

बैठक बहुधा महिन्यातून एकदा, शाळेच्या किंवा फेअरच्या मैदानावरच्या सभागृहात भरते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे मुलांकडेच असतात. सुरुवातीला ध्वजवंदन आणि फोर-एचची प्रतिज्ञा होते, मागील इतिवृत्त वाचले जाते, ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते आणि हात वर करून मतदान होते. नऊ वर्षांची मुलगी आईवडिलांदेखत ‘माझी या ठरावाला हरकत आहे’ असे उभे राहून सांगते, हे प्रथम पाहताना आपल्यापैकी पुष्कळांना थोडे अवघडल्यासारखे होते. त्यानंतर एखादे मूल प्रात्यक्षिक दाखवते आणि मग खाऊ. प्रौढांनी या वेळी शक्य तितके गप्प बसावे, हीच खरी शिस्त आहे.

७. किती प्रकल्प घ्यावेत?

पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. सहा-सात प्रकल्प घेऊन जूनमध्ये रात्री जागणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. त्यात शिवलेला झगा कोणाचा, हे पंचाला पहिल्या टाक्यावरून कळते. प्रत्येक प्रकल्पासोबत नोंदपत्रक भरायचे असते: काय केले, किती खर्च आला, काय चुकले. या पत्रकाकडे दुर्लक्ष केल्यास चांगल्या वस्तूचेही वर्ष पूर्ण झाल्याचे मानले जात नाही असे घडू शकते. ते मुलाच्याच हस्ताक्षरात आणि मुलाच्याच शब्दांत असावे.

८. फेअरमध्ये पांढरी रिबन मिळाली म्हणजे मुलगा नापास झाला का?

नाही. काउंटी फेअर ही आपल्याकडची जत्रा आणि कृषी प्रदर्शन यांची सरमिसळ असते आणि इंडियानात ती बहुतेक ठिकाणी जूनअखेर ते जुलैत भरते. तेथे ‘डॅनिश पद्धती’ने परीक्षण होते, म्हणजे मुलांची एकमेकांशी तुलना न करता प्रत्येक वस्तू ठरलेल्या निकषांवर तपासतात. निकष उत्तम पाळले तर निळी रिबन, काही उणिवा असतील तर लाल, बऱ्याच सुधारणा हव्या असतील तर पांढरी. त्यामुळे वर्गातील सर्व मुलांना निळी मिळू शकते आणि ‘पहिला नंबर कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर नसते. त्यानंतर वेगळ्या फेरीत विजेते निवडले जातात आणि त्यांतील काही वस्तू ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या राज्य फेअरला जातात. ते राज्य फेअर १८५२ पासून चालत आलेले आहे.

पुष्कळ काउंट्यांत पंच मुलाला समोर बसवून बोलतात. त्या वेळी पालकांनी मागे उभे राहून खुणा करू नयेत. पंच शांतपणे थांबतात आणि मग मुलाला पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

९. आजीच्या पद्धतीचे कैरीचे लोणचे मुलीने फेअरमध्ये ठेवले तर ते का नाकारले जाते?

अन्न टिकवण्याच्या प्रकल्पात केंद्रीय कृषी खात्याच्या प्रयोगांतून तपासलेल्या कृतीनेच बरणी भरावी लागते आणि ती कृती सोबत जोडावी लागते. याचे कारण बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा आहे. तिचे जंतू हवाबंद आणि कमी आम्लाच्या अन्नात वाढतात. पीएच ४.६ च्या वर असलेला पदार्थ साध्या उकळत्या पाण्यात बरणी बुडवून सुरक्षित होत नाही. आजीच्या लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि तेल यांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताने ठरलेले असते. परंतु पंचाला तो हात दिसत नाही, त्याला कागद लागतो. हा आजीचा अपमान समजू नये.

भाजलेल्या पदार्थांचीही एक मेख आहे. प्रत्येक इयत्तेला पदार्थाचा प्रकार नेमून दिलेला असतो आणि टेबलावर दिवसभर उघड्यावर टिकेल असाच पदार्थ चालतो. त्यामुळे खव्याचे किंवा दुधाचे सारण बाद. ज्या वर्गात चमच्याने पीठ सोडून केलेली कुकी मागितली आहे तेथे हाताने वळलेली नानकटाई कितीही खुसखुशीत असली तरी बसत नाही. वेलची आणि केशर घालायला मात्र कोणी अडवलेले नाही. आपली चव प्रकारात नव्हे, सुगंधात आणावी, असा सल्ला आम्ही देतो.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. मुलीला शेळीचे पिल्लू पाळायचे आहे. फेअरनंतर त्याचे काय होते?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेकदा तो पिल्लू घरी आल्यावर विचारला जातो. तो आधी विचारावा.

प्राण्यांच्या प्रकल्पांचे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. ‘मार्केट’ वर्गातील प्राणी मांसासाठी वाढवलेला असतो. त्याचे वजन आणि अंगावरचे मांस पाहून परीक्षण होते, फेअरच्या अखेरीस लिलाव होतो आणि प्राणी कत्तलखान्याकडे जातो. काही काउंट्यांत लिलावातील रक्कम ही केवळ कौतुकाची असते आणि प्राणी मालकाकडे परत येऊ शकतो. काही ठिकाणी मात्र, विशेषतः डुकरांच्या बाबतीत, आजार पसरू नयेत म्हणून मैदानावर आलेला प्राणी घरी परत नेता येतच नाही. आपल्या काउंटीत कोणता नियम आहे, हे पिल्लू विकत घेण्यापूर्वी एज्युकेटरला स्पष्ट विचारावे. लिलावाच्या संध्याकाळी शेतकऱ्यांच्या घरची मुलेही शेळीच्या गळ्यात पडून रडतात. पण त्या मुलांना पहिल्या दिवसापासून शेवट ठाऊक असतो. आपल्या मुलीला तो शेवटच्या दिवशी कळावा, यासारखी वाईट गोष्ट नाही.

दुसरा मार्ग पैदास, दूध किंवा लोकर यांच्यासाठी पाळलेल्या प्राण्यांचा आहे. दुभती शेळी, पैदाशीची मेंढी, अंड्यांच्या कोंबड्या, ससे, घोडे यांना दाखवून घरी परत नेता येते. शाकाहारी घरांनी हा मार्ग निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुत्रा आणि मांजर यांचे प्रकल्प तर आहेतच. शेळीमेंढीला केंद्रीय नियमानुसार स्क्रेपी रोगाच्या ओळखीसाठी बिल्ला किंवा मान्य खूण लागते, आणि गुरे, शेळ्या, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या, ससे यांच्या प्रकल्पातील मुलांना प्राण्यांच्या निगेचे ‘वायक्यूसीए’ हे प्रशिक्षण दरवर्षी पूर्ण करावे लागते. प्राणी परत घरी येणार असला तरी यातून सुटका नाही.

११. लिलावात मिळालेल्या पैशांवर कर लागतो का? मुलगा एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर अडचण येते का?

लिलावातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम हे मुलाचे उत्पन्न असते. शैक्षणिक प्रकल्प म्हणून वाढवलेल्या प्राण्याच्या विक्रीचे उत्पन्न सामान्यतः ‘इतर उत्पन्न’ या सदरात दाखवतात. मुलाला विवरणपत्र भरावे लागेल की नाही, हे त्याच्या एकूण उत्पन्नावर ठरते. चाऱ्याच्या पावत्या आणि नोंदपत्रक जपून ठेवावे.

व्हिसाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सदस्यत्व, प्रकल्प, स्पर्धा आणि रिबन यांना व्हिसाचा अडसर नाही. प्राणी वाढवून विकणे हे काम ठरते का, याबद्दल मात्र आम्ही कोणाला ठाम उत्तर देत नाही. आप्रवासन वकिलाला विचारावे. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी प्राणी दाखवावा आणि लिलावात उतरू नये.

१२. मला स्वयंसेवक व्हायचे आहे. प्रक्रिया काय आहे?

काउंटी कार्यालयात अर्ज करावा लागतो. संदर्भासाठी ओळखीच्या व्यक्तींची नावे द्यावी लागतात, गुन्हेगारी नोंदींची पार्श्वभूमी-तपासणी होते, एज्युकेटर मुलाखत घेतात आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. हे सर्व झाल्यावर मान्यता मिळते. ती मिळेपर्यंत मुलांची जबाबदारी एकट्याने घेता येत नाही. ‘आम्हाला सगळे ओळखतात, तपासणी कशाला?’ असा प्रश्न जुन्या शेतकऱ्यांकडूनही येतो. तपासणी सर्वांची होते, यातच तिचा अर्थ आहे.

क्लब लीडर होणे हा एकच मार्ग नाही. एखाद्या विषयापुरता प्रकल्प-मार्गदर्शक, फेअरमधील एखाद्या विभागाचा प्रमुख किंवा मदतनीस, बसमधून जाणाऱ्या मुलांसोबतचा प्रौढ, अशी लहानमोठी कामे असतात. सातवी ते बारावीच्या मुलांसाठी ‘ज्युनियर लीडर’ ही व्यवस्था आहे. मोठ्या मुलांना ती जरूर सुचवावी.

१३. मला शेतीतले काहीच कळत नाही आणि इंग्रजी बोलताना मी अडखळते. माझा काय उपयोग?

हिशेब ठेवता येतो का? गोधडीचा टाका घालता येतो का? वारली चित्र, रांगोळी, बुद्धिबळ, सर्किट जोडणे, कॅमेरा हाताळणे यांपैकी काही येते का? ग्रामीण काउंटीत जनावरांचे जाणकार पायलीचे पन्नास मिळतात, पण संगणकाच्या किंवा शिवणाच्या प्रकल्पाला माणूस मिळत नाही म्हणून तो विषय त्या वर्षी रिकामा राहतो. इंग्रजीचे म्हणाल तर मुले हातांकडे पाहून शिकतात, आणि ‘मी दाखवते, तू कर’ एवढ्या वाक्यावर गोधडीचा एक चौकोन पूर्ण होतो.

१४. एच-४ व्हिसावर असताना स्वयंसेवक होता येते का? सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर?

मोबदला नसलेले आणि एरवीही कोणाला पगार देऊन करून घेतले जात नाही असे सेवाकार्य करायला सामान्यतः हरकत नसते. फोर-एचच्या क्लबातील काम याच प्रकारचे आहे. मात्र मानधन, भेटकार्ड किंवा खर्चापेक्षा अधिक परतफेड स्वीकारू नये. क्रमांक नसल्यास पार्श्वभूमी-तपासणीच्या ऑनलाइन अर्जात अडकायला होते. अर्ज अर्धवट भरून वाट पाहण्यापेक्षा तो भरण्याआधीच एज्युकेटरला तसे कळवावे, म्हणजे पर्यायी मार्ग आहे का ते कार्यालय सांगू शकते.

१५. भारतातून आलेले आजोबा सुतारकामात निष्णात आहेत. ते क्लबातील मुलांना शिकवू शकतात का?

एखाद्या बैठकीत पाहुणे म्हणून, मान्यताप्राप्त स्वयंसेवकांच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक दाखवायला सहसा अडचण नसते. लीडरला आधी विचारावे. दर आठवड्याला नियमित शिकवायचे झाल्यास मात्र प्रश्न १२ मधील संपूर्ण प्रक्रिया लागू होते आणि काही महिन्यांच्या मुक्कामात ती पूर्ण होणे कठीण असते. आपल्या नातवाला घरी शिकवायला अर्थातच कोणाची परवानगी नको. वस्तू मात्र नातवाच्या हातची असली पाहिजे, कारण आजोबांचा सांधा पंचांना लगेच ओळखू येतो.

१६. बैठक संपल्यावर एका मुलाला मी एकटीने गाडीतून घरी सोडले तर काय बिघडले?

शेजारधर्म म्हणून आपल्याला यात वावगे वाटत नाही. परंतु स्वयंसेवकाने दुसऱ्याच्या मुलासोबत एकटे असू नये, हा नियम मुलाला आणि मोठ्यालाही संरक्षण देणारा आहे. मुलाचे पालक उशिरा येत असतील तर दुसरा प्रौढ थांबवून घ्यावा आणि उघड्या, दिसणाऱ्या जागी वाट पाहावी. संदेश पाठवतानाही मुलाच्या पालकांना किंवा दुसऱ्या लीडरला त्यात घ्यावे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. इंडियानाच्या कायद्यानुसार मुलावर अत्याचार होत असल्याचा किंवा त्याची आबाळ होत असल्याचा सयुक्तिक संशय आल्यास ते कळवणे हे प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य आहे. ते केवळ शिक्षक-डॉक्टरांवर सोपवलेले नाही. लीडरला सांगितले म्हणजे आपले काम झाले, असे होत नाही. ‘दुसऱ्याच्या घरात कशाला पडा’ ही आपली सवय येथे कायद्याच्या आड येते.

१७. क्लबाचे पैसे माझ्या खात्यात ठेवून मी हिशेब दिला तर चालेल का?

चालणार नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब एखाद्या विश्वासू माणसाच्या वहीत असतो, तसे येथे करता येत नाही. क्लबाला स्वतःचा करदाता-क्रमांक आणि त्या नावाचे बँक खाते लागते, धनादेशावर एकाच घरातील नसलेल्या दोन व्यक्तींच्या सह्या घेण्याची पद्धत आहे, आणि वर्षाअखेर हिशेब तपासून कार्यालयाला द्यावा लागतो. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या करमुक्त संस्थांना ९९०-एन ही छोटी ऑनलाइन सूचना दरवर्षी द्यावी लागते. सलग तीन वर्षे ती चुकली तर करमुक्तता आपोआप जाते. पाच मिनिटांचे हे काम खजिनदार बदलताना हमखास विसरले जाते.

१८. आम्ही केवळ मराठी मुलांचा क्लब काढू शकतो का? आणि टी-शर्टवर चौपानी चिन्ह छापू शकतो का?

क्लब काढायला एकाहून अधिक कुटुंबांतील किमान पाच मुले आणि मान्यताप्राप्त स्वयंसेवक लागतात. मात्र सार्वजनिक निधीवर चालणारा कार्यक्रम असल्यामुळे भाषा, वंश किंवा धर्म पाहून सदस्यत्व नाकारता येत नाही. विषय मात्र आपला घेता येतो. थोड्या सत्रांचा ‘स्पिन’ क्लब भारतीय स्वयंपाकाचा, वारली कलेचा किंवा बुद्धिबळाचा असू शकतो, आणि त्यात शेजारची मुलेही येतील. ती यावीतच.

चौपानी चिन्ह आणि फोर-एच हे नाव केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे. परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. मान्यताप्राप्त क्लबालाही ते ठरलेल्या स्वरूपातच छापावे लागते, म्हणजे त्यावर गणपती किंवा क्लबाचे नाव चढवता येत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ते टाकायचे असल्यास आधी काउंटी कार्यालयात विचारावे.

१९. आम्ही भारतीय नागरिक आहोत. अमेरिकी ध्वजाची प्रतिज्ञा मुलाने म्हटलीच पाहिजे का?

सक्ती नाही. सार्वजनिक शाळांतही ध्वजप्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली दिला आहे. आदराने शांत उभे राहणे पुरेसे आहे. फोर-एचची स्वतःची प्रतिज्ञा वेगळी आहे. तिच्यात क्लब, समाज आणि देश यांच्यासोबत १९७३ पासून ‘माझे जग’ हे शब्दही आले आहेत.

२०. उन्हाळ्यात सहा आठवडे भारतात जायचे आहे आणि फेअर नेमके त्याच काळात आहे. काय करावे?

टेबलावर ठेवायच्या वस्तू दुसऱ्या कुटुंबाच्या हाती देऊन वेळेत पोचवता येतात, मात्र तशी पूर्वसूचना द्यावी. जेथे मुलाशी बोलून परीक्षण होते तेथे आधीची वेळ मिळते का, ते विचारावे. प्राण्यांचे तसे नसते. प्राणी मुलानेच रिंगणात दाखवायचा असतो, बदली मूल उभे करण्यास ठरावीक कारणांसाठीच आणि आधी घेतलेल्या परवानगीनेच मुभा मिळते. शिवाय सहा आठवडे शेजाऱ्याने चारा घातलेल्या शेळीला मुलाचा प्रकल्प म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. तिकिटे जानेवारीपूर्वी काढली असतील तर त्या वर्षी प्राणी घेऊच नये.

२१. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या काउंटीत राहायला गेलो तर केलेले काम वाया जाते का?

नाही. सदस्यत्व हस्तांतरित करता येते आणि आधीची वर्षेही मोजली जातात. निघण्यापूर्वी जुन्या कार्यालयाला कळवावे आणि नव्या काउंटीची प्रकल्प-पुस्तिका मागवून घ्यावी. एकाच विषयाचे वर्ग आणि मापे काउंटीगणिक थोडी बदलतात आणि जुन्या नियमाने कापलेले लाकूड नव्या वर्गात बसत नाही. एकच प्रकल्प दोन काउंट्यांत मांडता येत नाही, त्यामुळे १५ मेनंतर घर बदलणाऱ्यांनी त्या वर्षीचा प्राणी जुन्या काउंटीतच दाखवता येईल का, हे दोन्ही एज्युकेटरांशी बोलून लेखी ठरवावे.